३६६चा बाप कोण?

प्रश्न : मुलगी वास्कोला दिली आहे, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी तिकडे फेरी होतेच. झुआरीचा पूल उतरून कुठ्ठाळीला आलं की उजवीकडच्या रस्त्यावर पाटी दिसते ती ३६६ची. तरुणपणी याच रस्त्याने मी मुरगाव बंदरात कामाला जात होतो, तेव्हा तो १७ ए होता. हे आकडे ठरवतं कोण आणि बदलतं कशासाठी? वीस किलोमीटरही न भरणाऱ्या रस्त्याला 'राष्ट्रीय महामार्ग' का म्हणायचं? आमच्या घरच्या भाषेत विचारायचं तर, 'एवढ्याशा रस्त्याक राष्ट्रीय कित्याक म्हणतत?' आणि शेवटचं : बंदर आमच्या रेडीलाही आहे. मग आमच्या वाट्याला असा एखादा आकडा का आला नाही?
— एक वाचक, रेडी (ता. वेंगुर्ला)

उत्तर : तुमच्या तीन प्रश्नांपैकी पहिला सोपा आहे, दुसरा सरकारी आहे आणि तिसरा दुखरा आहे. त्याच क्रमाने घेऊ.

३६६ हा आकडा उलटा वाचायचा. शेवटचे दोन अंक बापाचे, पहिला अंक मुलाचा. बाप म्हणजे ६६, म्हणजे पनवेलहून निघून कोकण, गोवा, कारवार, मंगळूर, केरळ असा किनारा धरून कन्याकुमारीला पोचणारा सोळाशेहून अधिक किलोमीटरांचा रस्ता. आपण त्याला अजूनही 'मुंबई-गोवा हायवे' म्हणतो आणि पुढेही म्हणत राहू. ६६ म्हणणारा माणूस कोकणात मला अजून भेटलेला नाही. या ६६ला वाटेत ज्या फांद्या फुटतात त्यांच्या आकड्यांत ६६ येतो. रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरकडे जाणारा तो १६६. कुठ्ठाळीहून वास्को-मुरगावला जाणारा ३६६. फोंड्याहून बोरी, वेर्णा करत वास्कोला येणारा ५६६. पुढे केरळात कोळिकोडहून वायनाडचा घाट चढून म्हैसूरकडे जाणारा ७६६ आणि त्याच्याही खाली पालक्काडला जाणारा ९६६. पहिला अंक वाढत गेला की समजायचं, आपण किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकतो आहोत.

ही पद्धत २०१० सालची. त्या वर्षी केंद्र सरकारने देशातल्या सगळ्या राष्ट्रीय महामार्गांची नव्याने मोजदाद करून आकडे बदलले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यांना सम आकडे, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. सम आकडे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढतात, म्हणून ईशान्येत २ आहे, नागपुरावरून जाणारा श्रीनगर-कन्याकुमारी रस्ता ४४ आहे आणि आपल्या समुद्राकाठी ६६. विषम आकडे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. १ लडाखच्या वाटेवर आणि ८७ पार रामेश्वरच्या अंगाला. म्हणजे नकाशा हातात नसला तरी आकड्यावरून रस्ता देशाच्या कुठल्या बाजूला असेल याचा अंदाज बांधता येतो.

त्याआधीची पद्धत म्हणजे आपल्याकडच्या वाड्यासारखी होती, गरज पडेल तशी एकेक खोली वाढवलेली. मूळ रस्ता १७, आपल्याकडे जो आज ६६ आहे तो. त्याला फांदी फुटली की १७ ए, आणखी एक फुटली की १७ बी. बेळगाव-पणजी ४ ए, पळस्प्याहून न्हावा-शेव्याच्या बंदराकडे जाणारा ४ बी. इथवर ठीक होतं. पुढे नव्या रस्त्यांना २०० नंतरचे आकडे मिळू लागले आणि त्यात नातं उरलं नाही. रत्नागिरी-कोल्हापूर तेव्हा २०४ होता. त्याचा ४ नंबरच्या पुणे-बंगळूर रस्त्याशी बापलेकाचा संबंध होता असं आकड्यावरून वाटेल, पण तसं काही नव्हतं, तो आपला एक आकडा होता. आज तोच रस्ता १६६ झाल्यामुळे बिचाऱ्याला बापाचं नाव तरी लागलं.

फांदीलाही फांदी फुटते, तेव्हा मागे अक्षर लागतं. तुमच्या जिल्ह्यातली दोन उदाहरणं देतो. तळेऱ्याहून गगनबावड्यावरून कोल्हापूरला जाणारा रस्ता १६६ जी. म्हणजे ६६चा नातू. आणि संकेश्वरहून आजरा, आंबोली करत बांद्याला उतरणारा ५४८ एच. हा मात्र ६६च्या घरचा नाही. त्याचं कूळ ४८, म्हणजे मुंबई-पुणे-बंगळूरकडचं. आंबोलीचा घाट उतरून तो बांद्याला ६६ला येऊन मिळतो खरा, पण नातं सासरचं.

आता दुसरा प्रश्न. 'राष्ट्रीय' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर लांबी-रुंदी येते. कायद्याच्या डोळ्यांसमोर ती येत नाही. १९५६च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याप्रमाणे केंद्र सरकार राजपत्रात जाहीर करेल तो रस्ता राष्ट्रीय महामार्ग. तो किती लांब हवा, किती रुंद हवा, याची अट नाही. कोचीत कुंडन्नूरहून विलिंग्डन बेटावरच्या बंदराकडे जाणारा जुना ४७ ए सहा किलोमीटरांच्या आसपासचा होता आणि देशातला सर्वांत आखूड राष्ट्रीय महामार्ग म्हणून स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांनी तो पाठ केलेला असे. तुमचा १७ ए तर एकोणीस किलोमीटरांचा. त्या मानाने तो लांबच म्हणायचा.

दोन्ही रस्त्यांच्या शेवटी काय आहे ते पाहा : बंदर. न्हावा-शेव्याच्या फांदीच्या टोकालाही बंदर. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत कामांची वाटणी आहे. तिच्यात राष्ट्रीय महामार्ग आणि मोठी बंदरं, दोन्ही केंद्राच्या यादीत आहेत. मोठं बंदर केंद्राचं, तर त्याच्या दारापासून मुख्य रस्त्यापर्यंतची वाटही केंद्रानेच सांभाळायची, असा हा साधा हिशेब. हा हिशेब लक्षात ठेवा, तिसऱ्या प्रश्नाला लागणार आहे.

पण त्याआधी तुम्ही ज्या रस्त्याने लेकीकडे जाता त्याच्याबद्दल थोडं बोलू द्या. एकोणीस किलोमीटरांत इतका इतिहास पसरलेला रस्ता दुसरा मला माहीत नाही, आणि खिडकीतून तो दिसत नाही हे त्याहून मोठं नवल.

सुरुवातच पाहा. कुठ्ठाळी म्हणजे जुनी कुशस्थळी. मंगेशाचं मूळ ठिकाण. पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा १५६० साली मंगेशाचं लिंग रातोरात नदीपलीकडे प्रियोळला नेलं, ते आजचं मंगेशी. शेजारच्या केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. तुमचा रस्ता कुठ्ठाळीहून पुढे सांकवाळला जातो, तिथला लक्ष्मीनृसिंह वेलिंगला. कोकण-गोव्यातली कित्येक कुलदैवतं एकेकाळी या टापूतून उठून फोंड्याकडे गेली. आज ज्यांची कुलदैवतं मंगेशी, म्हार्दोळला आहेत अशी कुटुंबं वास्कोजवळच्या विमानतळावर उतरून देवदर्शनाला निघतात ती नेमकी देवांच्या मूळ गावांजवळून, आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो.

सांकवाळला नदीकाठी एका जुन्या चर्चचा फक्त दर्शनी भाग उभा आहे. मागचं चर्च १८३४ साली आगीत गेलं. आकाशाला टेकवून ठेवलेली भिंत वाटते ती. पुढे उजव्या हाताला झुआरीत सां जासिंतो नावाचं टिकलीएवढं बेट आहे, छोट्या बांधाने रस्त्याला जोडलेलं. त्यानंतर चिखलीचा उथळ उपसागर. जुन्या गोव्यातल्या घरांच्या खिडक्यांना काचेच्या जागी ज्या पातळ, दुधी, अर्धपारदर्शक शिंपल्या लावलेल्या दिसतात, तसल्या शिंपल्यांचं हे ठिकाण. वास्कोत शिरता शिरता गोवा शिपयार्ड. त्याची सुरुवात १९५७ची, पोर्तुगीज अमलातली. आणि शेवटी सडा, मुरगावचं भूशिर, बंदराचं फाटक.

या भूशिरावर एकदा राजधानी येणार होती. १६८३ साली संभाजी महाराजांनी गोव्यावर अशी धडक मारली की जुन्या गोव्यातली राजधानी सुरक्षित नाही हे पोर्तुगीज व्हाइसरॉयला कळून चुकलं. त्याने राजधानी मुरगावला हलवायचं ठरवलं, बांधकामही काढलं. ते तडीस गेलं नाही, राजधानी पुढे पणजीला गेली. नाहीतर तुमच्या ३६६च्या टोकाला आज विधानसभा असती आणि वाहतूक पोलीस तिप्पट.

बंदर खरं उभं राहिलं ते रेल्वेमुळे. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्यातून मुरगावला धक्का आणि तिथून सह्याद्री चढून ब्रिटिश मुलखात जाणारी मीटरगेज रेल्वे, असं दोन्ही एकदमच आलं. १८८७-८८मध्ये गाडी कॅसलरॉकपर्यंत पोचली. म्हणजे मुरगावला आधी रूळ आले आणि महामार्ग फार मागाहून. लोहखनिजालाही पुष्कळ वर्षं रस्त्याची गरज फारशी नव्हती. खाणीवरून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत ट्रक, आणि तिथून मांडवी-झुआरीतून बार्ज. पावसाळ्यात मांडवीचं मुख बंद झालं की बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरत. गोव्याचा खरा खनिज महामार्ग पाण्याचा होता, त्याला कुणी आकडा दिला नाही.

बापाचीही गंमत सांगायला हवी. १७ नंबरचा महामार्ग नकाशावर सलग रेघ होता, पण आगशी आणि कुठ्ठाळीच्या मध्ये झुआरी होती. १९८३ साली पूल झाला, तोवर महामार्गाचा हा तुकडा फेरीबोटीवरून जात होता. तुम्ही त्या काळात बंदरात कामाला असाल तर आगशीच्या धक्क्यावरची रांग तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. मग जुना पूल थकला, त्यावरून जड वाहनं बंद झाली, आणि डिसेंबर २०२२मध्ये शेजारी तारांवर टांगलेल्या नव्या पुलाची पहिली बाजू खुली झाली. दुसरी बाजू वर्षभराने.

बंदराच्या बाजूचा तुकडा मात्र सहजासहजी झाला नाही. वेर्ण्याहून बंदरापर्यंत चौपदरी रस्ता करायचं ठरलं, बराचसा झाला, पण वास्को शहराच्या बाजूचा वरुणापुरी ते सडा हा शेवटचा पाचेक किलोमीटरांचा तुकडा वर्षानुवर्षं अडून राहिला. शहरात शिरणाऱ्या फांदीचं हे दुखणं सगळीकडचंच. मुख्य रस्ता मोकळ्या माळावरून जातो, फांदीला लोकांच्या उंबऱ्यांवरून जावं लागतं.

अमेरिकेतही आंतरराज्य महामार्गांच्या फांद्यांना असेच तीन अंक असतात आणि तिथेही शेवटचे दोन अंक बापाचेच. त्यात एक जास्तीची खूण आहे : पहिला अंक विषम असेल तर रस्ता शहरात जाऊन संपतो, सम असेल तर शहराला वळसा घालून परत मुख्य रस्त्याला मिळतो. डेट्रॉइट शहरातली ३७५ ही अशी विषम फांदी. लांबी दोन किलोमीटरही नाही. १९६४ साली ती पूर्ण झाली तेव्हा तिच्याखाली ब्लॅक बॉटम आणि पॅराडाइज व्हॅली या कृष्णवर्णीयांच्या नांदत्या वस्त्या, त्यांची दुकानं, गाण्याबजावण्याचे अड्डे गाडले गेले होते. अलीकडच्या काळात ती फांदीच काढून तिथे साधा शहरी रस्ता करायचं तिथल्या सरकारने ठरवलं. तेव्हा वास्कोतला तो तुकडा रखडला म्हणून शिव्या देताना, ज्यांच्या घरांवरून तो जायचा होता त्यांचीही बाजू असते एवढं लक्षात असू द्यावं. माझं मत विचाराल तर शहरातल्या फांदीला घाई असू नये.

आता तुमचा दुखरा प्रश्न. बंदर रेडीलाही आहे. खनिज रेडीलाही आहे, तुमच्या गावाच्या कुशीतूनच निघतं. मग फांदी का नाही?

पहिलं कारण वर सांगितलेल्या हिशेबातलं. मुरगाव मोठं बंदर, म्हणून केंद्राकडे. रेडी छोट्या बंदरांत, म्हणून महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. कागदावर 'मोठं' आणि 'छोटं' हा फरक किती जहाजं लागतात यापेक्षा कुणाच्या यादीत नाव आहे याचा असतो. राज्याच्या यादीतलं बंदर, तर त्याची वाटही राज्याची.

दुसरं कारण जुनं आहे, आणि मला विचाराल तर खरं तेच. रेल्वेच्या आधी बेळगाव, धारवाडकडचा माल समुद्राला यायचा तो तुमच्या वेंगुर्ल्याला. सतराव्या शतकात डचांनी वखार घालायला वेंगुर्लं निवडलं ते उगाच नव्हे. इंग्रजांनी वेंगुर्ल्याहून आंबोलीचा घाट चढून बेळगावला गाडीरस्ता काढला. कापूस त्या वाटेने उतरत होता. मग मुरगावला रेल्वे आली आणि दहा-बारा वर्षांत वेंगुर्ल्याचा व्यापार आटला. जे बैलगाडीने दिवसचे दिवस खाऊन वेंगुर्ल्याला यायचं ते डब्यात बसून मुरगावला जाऊ लागलं. म्हणजे तुम्ही तरुणपणी ज्या बंदरात नोकरीला जात होता, त्यानेच तुमच्या तालुक्याचं बंदर झोपवलं होतं. तुमच्याकडच्या कित्येक पिढ्या मुरगाव-वास्कोला कामाला गेल्या त्याची सुरुवात इथे आहे. पुढे रेडीच्या खाणी सुरू झाल्या, बार्ज भरून खोल पाण्यातल्या जहाजांना खनिज जाऊ लागलं, तोवर देशाच्या नकाशावरच्या रेघा पक्क्या झालेल्या होत्या.

पण रेडीला आकडाच नाही असं समजू नका. रेवस-रेडी सागरी महामार्ग तुमच्याच गावाचं नाव घेऊन फिरतो. अलिबागजवळच्या रेवसपासून निघून मुरुड, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, देवगड, मालवण, वेंगुर्लं करत येणारा हा पाचशे किलोमीटरांच्या आसपासचा रस्ता बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८०-८२च्या काळात, डोक्यात आलेला. सरकारी दप्तरी तो प्रमुख राज्यमार्ग क्रमांक ४. खाड्यांवरचे कित्येक पूल त्यानंतर झाले, कित्येक अजून व्हायचे आहेत. या रस्त्याच्या नावात दोनच गावं आहेत, त्यातलं एक तुमचं. ३६६च्या पाटीवर कुठ्ठाळीला एवढाही मान नाही.

ओळखायची सोपी खूण सांगतो. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्यमार्ग. रेडीच्या दगडाचं डोकं हिरवं, कुठ्ठाळीच्या दगडाचं पिवळं. तुमच्या आणि लेकीच्या घरातलं सरकारी अंतर ते एवढंच.

एक गोष्ट मात्र मला नेहमी गमतीची वाटते. तिकडे कुशस्थळीतून देव निघून गेला आणि त्या वाटेवर पुढे महामार्ग झाला. तुमच्याकडे उलट झालं. १९७६ साली खाणीत खोदताना द्विभुज गणपती वर आला, त्याच्यासाठी देऊळ झालं, आणि आज रेडीला येणाऱ्या गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त त्याच्यासाठी येत असतील. रेडीचाच यशवंतगड किल्ला त्या मानाने एकटा पडतो. चालुक्यांच्या काळी रेवतीद्वीप म्हणून ज्याचा उल्लेख कोरीव लेखात आहे ते ठिकाण बहुतेक अभ्यासक रेडीच मानतात, हे सांगणारी पाटी मात्र गावात मोठ्या अक्षरांत असायला हवी होती. ग्रामपंचायतीकडे आग्रह धरायचा तर फांदीपेक्षा हिचा धरा.

आणि राष्ट्रीय आकड्याचीच हौस असेल तर तीही जवळ येऊन ठेपली आहे. धारगळला ६६ सोडून मोपाच्या विमानतळाकडे जाणारा नवा रुंद रस्ता १६६ एस. तुमच्या दारापासून सर्वांत जवळची राष्ट्रीय फांदी आता तीच. बंदरासाठी नाही, विमानासाठी. फांद्या कुठे फुटतात ते काळ ठरवतो. एकोणिसाव्या शतकात त्या धक्क्याकडे वळत होत्या, आता धावपट्टीकडे वळतात.

पुढच्या खेपेला लेकीकडे निघाल तेव्हा आरोंदा-किरणपाणीच्या पुलावरून जाण्याऐवजी एकदा तेरेखोलवरून जा. महाराष्ट्राच्या बाजूला राहिलेलं गोव्याचं ते एकुलतं गाव, ज्याला जमिनीवरून जायला आजही रेडीतूनच जावं लागतं. तिथून फेरीने केरीला उतरा आणि हरमल, पेडणे करत ६६ला लागा. निघण्याआधी ओहोटीची वेळ विचारून घ्या, पाणी फार उतरलं की फेरी खोळंबते.